पेन भरून होईपर्यंत

ताई, तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं काल संध्याकाळी गेली. भन्तेजी तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तू जिची दोन्ही बाळंतपणं केलीस ती शेजारची बाई बोलता बोलता रडली. अनसिंगची नर्सबाई रागीट होती पण तिच्या हाताला गुण होता, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी मान हलवत होते. तू एक नंबरची हट्टी बाई होतीस आणि फेकून द्यायच्या पेनात शाई भरण्यापायी तू दहा वर्षं माझं डोकं खाल्लंस, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागणार. धाकट्या बहिणीच्या वाट्याला नेहमी उरलेली कामं येतात.

आज सकाळी तुझ्या प्रज्ञाने तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

"मावशी, हे तूच ने. मी पुण्याले नेऊन काय करू?"

"फेकून दे," मी म्हटलं.

ती उठली आणि डबा घेऊन दाराकडे निघाली. खरंच निघाली! मी ओरडले, "अवं थांब! फेक म्हटलं तं लगेच फेकाले निघाली!" पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. आता हसायचं असेल तर हस. आत अकरा पेनं, एक पक्कड, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, शाईची दौत आणि ती सिरिंज. सिरिंजवरचे आकडे पुसून गेलेत. डबा मी माझ्या पिशवीत टाकला आहे. यात माझी हार आहे असं समजू नकोस.

सगळं त्या पोरीमुळेच सुरू झालं. पुण्याला नोकरी लागल्यावर ती तुझ्यासाठी फाउंटन पेनांचं पाकीट घेऊन आली. शाई संपली की फेकायचं, असं त्याच्यावर इंग्रजीत छापलं होतं आणि तेवढं इंग्रजी तुला येत होतं. तू पहिलं पेन लसीकरणाच्या रजिस्टरवर महिनाभर चालवलंस. ते संपलं. शहाणा माणूस इथे दुसरं पेन काढतो. तू पक्कड काढलीस. दुपारी माझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, काही बरंवाईट झालं.

"शीले, निब निघते वं! आत निस्ती नळी हाय. रिकामी!"

विहिरीला पाणी लागल्यावरही माणसं इतकी हरखत नाहीत. मी कारंज्याच्या बाजारात भाजीच्या दुकानापुढे उभी होते. "मंग?" मी विचारलं. "मंग म्हनजे? भरता येते!" तू म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास, बहुतेक भरायला.

मी स्वतः एकदाही ते केलं नाही, पण सगळी कृती मला तोंडपाठ आहे. तू ती माझ्यासमोर किती वेळा केलीस याला गणतीच नाही. निबेला ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, म्हणजे पक्कडीने ओरखडा पडत नाही. मग सरळ ओढायचं, पिळायचं नाही. निब आणि तिच्या खालचा काळा दांडा वाटीभर पाण्यात टाकायचा, पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत पाणी बदलायचं, मग चिंधीवर वाळवायचं. सिरिंजने नळीत शाई सोडायची, काठोकाठ नाही, बोटभर जागा ठेवून. निब दाबून बसवायची. आणि मग पेन उलटं, निब खाली, कागदावर टेकवून बसायचं, शाई उतरेपर्यंत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी हे म्हटलं की तू म्हणायचीस, "मसाला बारा आन्याचा असला तं कोंबडी खाता तरी येते."

सिरिंज तू मेडिकलमधून स्वतः विकत आणली होतीस. दवाखान्यात सिरिंजांचे खोके होते, पण सरकारी वस्तू शाईसाठी वापरणार नाही म्हणालीस. सुईचं टोक पाट्यावर घासून बोथट केलंस, कोणाला टोचू नये म्हणून. इतकी नेक बाई! तेवढाच नेकपणा माझ्या पातळाच्या बाबतीत दाखवला असतास तर बरं झालं असतं. कारण त्या जांभळ्या औषधाचा उद्योगही तुझाच. तोंड आलेल्या लेकरांच्या जिभेला लावायचं ते औषध, हाताला लागलं तर आठ आठ दिवस जात नाही, हे तुला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तू ते पेनात भरलंस. शाई पाण्याने पुसते, हे पुसणार नाही, रजिस्टरं पक्की होतील, असा तुझा हिशोब. नर्सच करू जाणे असली चूक. दोन दिवसांत निब चिकटली. मग गरम पाणी, मग स्पिरिट, आणि ऐन प्रज्ञाच्या लग्नाच्या सकाळी ते पेन तू माझ्या हातात देऊन म्हणालीस, "पाय बरं, आता चालते का." मी झटकलं. चाललं की! माझ्या पांढऱ्या पातळाच्या पदरापासून निऱ्यांपर्यंत चाललं. लग्नाच्या सगळ्या फोटोत मी पदर पुढे घेऊन पोट दुखल्यासारखी उभी आहे.

तुझं एकच पालुपद. "चांगल्या वस्तूले फेकायचं कायले?"

"अवं, ते फेकाचसाठीच बनवलं हाय!"

"बनवनाऱ्यानं बनवलं. माह्या हातात आल्यावर मी पाहीन ना."

तुझ्या निवृत्तीला मी चांगलं पेन आणलं. खरं पेन, झाकणाला सोनेरी पट्टी, डबीत मखमल. तू डबी उघडलीस, बंद केलीस, कपाटात ठेवलीस. नंतर विचारलं तर म्हणालीस की ते भारी आहे, त्याला जपावं लागतं. मग बाकीच्या पेनांचं तू काय करत होतीस, ताई? परवा कपाट आवरताना ती डबी सापडली. मखमल जशीच्या तशी होती.

आणि मग तुझा आवाज गेला. घशाची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे रडारड फारशी झाली नाही. तूच आम्हाला हाताने गप्प केलंस. प्रज्ञाने पुसता येईल अशी पाटी आणली, ती तू स्वयंपाकघरात झाकण म्हणून वापरलीस. मोबाइलवर टाइप करायचं तुला शिकवलं, तर तू वहीत लिहिलंस, "टाइप होईस्तोवर भांडन शिळं होते." बॉलपेन दाबून तुझा हात भरून यायचा, अंगात जीव उरला नव्हता. फाउंटन पेनाला दाबावं लागत नाही, ते नुसतं ठेवलं की चालतं. म्हणजे शेवटी तुझंच खरं ठरलं. दहा वर्षं मी ज्या पेनांना नावं ठेवली त्यांच्यातूनच मला तुझं बोलणं ऐकायची पाळी आली.

दर शनिवारी मी कारंज्याहून मंगरूळपीर, तिथून वाशीम, तिथून अनसिंग अशा गाड्या बदलत यायचे आणि आपण भांडायला बसायचो. मी तोंडाने, तू वहीत. मी बोलून मोकळी व्हायचे आणि मग तू ओळ लिहून होईपर्यंत मला थांबावं लागायचं. त्यात तुझं अक्षर सावकाश, काना मात्रा सगळं जागच्या जागी. शाळेत मी पोरांना शुद्धलेखन शिकवलं तीस वर्षं, पण भांडताना अनुस्वार देणारी बाई तुझ्याशिवाय पाहिली नाही. आणि ऐन रंगात आलं की पेन वाळायचं. मग एक बोट वर. थांब. मग डबा, ट्यूब, पक्कड, वाटीत पाणी. मी समोर धुमसत. तू निब धूत. तुझं भरून होईपर्यंत माझा राग कधीच उतरलेला असायचा आणि मी चहा टाकायला उठलेली असायचे. तू हे मुद्दाम करत होतीस असा मला दाट संशय आहे.

आता वही वाचायला बसले तर तीत फक्त तूच. माझं सगळं हवेत गेलं. "नाई." "तुले कोन म्हने?" "मीठ कमी हाय." "तू तं लहानपनापासून तशीच हाय." कोणी तिऱ्हाईताने वाचलं तर त्याला वाटेल, ही शहाणी बाई भिंतीशी बोलत होती आणि भिंतच मूर्ख होती.

पण पेनं, मीठ, पातळ, हे सगळं किरकोळ. आपलं खरं भांडण एकच होतं आणि ते आपण एकवीस वर्षं काढलं नाही. ते काढायचं नव्हतं म्हणून बाकीच्या गोष्टींवरून इतकं तोंड चालायचं, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही.

माय तेव्हा तुझ्याकडे होती. सकाळी तिला धाप लागली, छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, अकोल्याला न्या. अकराला जीप दारात आली आणि तीनपर्यंत तशीच उभी राहिली. तीनला माय गेली. घरातच, खाटेवर. मी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सगळं गाव सांगत होतं की जीप चार तास उभी होती आणि नर्सबाईनं मायला तीत घातलं नाही. आणि मी, आलेल्या बायांमध्ये बसून, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "घरात नर्स असून माय अशी गेली." तू तेव्हा चहाचे कप गोळा करत होतीस. तू ते गोळा करत राहिलीस.

गेल्या महिन्यात एका शनिवारी तू वहीत लिहिलंस, "आता मले कुठी नेऊ नका. अकोला नाई, नागपूर नाई. घरीच राहू द्या." मी वाचलं आणि माझा तोल गेला.

"मायलेबी नाही नेलं, आता तुयंबी तसंच? ताई, एकदा सांगून टाक मले. जीप दारात उभी होती. मायले काहून नाही नेलं?"

तू वही ओढलीस आणि लिहायला लागलीस. मी वाकून वाचत होते, तू लिहीत होतीस तसं. "जीप अकराले आली. मी मायचं गाठोडं बांधलं. माय उठून बसली. मले म्हने का" आणि 'का'चा काना निम्म्यात पुसट झाला. तू पेन झटकलंस. पुन्हा ओढून पाहिलंस. कागदावर नुसता ओरखडा. मग एक बोट वर आणि हात डब्याकडे.

मी उठले. "एकवीस वर्षांनी विचारलं तं तू शाई भरत बसली! ठेव तुह्या पेनाले तुह्यापाशी!" असलं काहीतरी बोलले. तू पक्कड हातात धरून माझ्याकडे पाहत होतीस, बस म्हणून हाताने खुणावत होतीस. मी चपला घातल्या आणि स्टँडवर जाऊन बसले. तिथे गाडीची वाट पाहत मी तासभर बसले, ताई. तासभर! तेवढ्यात तुझी सगळी अकरा पेनं भरून झाली असती.

पुढच्या शनिवारी मी आले नाही. रागावले होते. त्यानंतरच्या सोमवारी पहाटे प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मात्र मी तोंडावर पाणीही मारलं नाही, पहिली गाडी धरली. मंगरूळपीरच्या स्टँडवर दुसरा फोन आला.

आज डबा पिशवीत टाकल्यावर मी वहीतलं ते पान काढलं. 'म्हने का' पाशी शाई फिकी होऊन थांबलीय. खाली, नव्या भरलेल्या शाईने, चांगलं ठसठशीत लिहिलंय, "गेली वाटते. जेवून तरी गेली असती." त्याच्या पुढच्या पानावर दूधवाल्यासाठी निरोप. त्याच्या पुढे प्रज्ञाशी औषधावरून वाद. पुढची पानं मी तीन तीनदा पाहिली. ते वाक्य तू कुठेच पुरं केलेलं नाहीस. पेन भरलेलं होतं. वही उशाशी होती. नऊ दिवस होते. दूधवाल्याला दोन ओळी लिहायला ताकद होती, मग मला चार शब्द लिहायला का नव्हती? मी सकाळभर तुझ्यावर चिडून बसले होते. प्रज्ञाने वाढलेलं ताट तसंच सरकवलं.

मग राग ओसरला. शाई कोणी भरत नव्हतं, तरी ओसरला. आणि जे मला आधीपासून माहीत होतं ते समोर आलं.

मायच्या दिवशी तुझा फोन शाळेच्या ऑफिसात आला होता. साडेदहाला. तो मीच घेतला होता. "मायचं बरं नाई, शीले. निघ लवकर," तू म्हणालीस आणि मी हो म्हटलं. शाळेचं स्नेहसंमेलन दोन दिवसांवर होतं, माझ्या वर्गाचा नाच बसायचा होता. मला वाटलं, मायला धाप नेहमीच लागते, आणि ताई आहे ना. मी दुपारभर पोरींना ओळीत उभं केलं आणि शाळा सुटल्यावर गाडी धरली. आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की मला निरोपच उशिरा मिळाला. तू तिथेच उभी होतीस. फोन तूच केला होतास, हो म्हणताना माझा आवाज तू ऐकला होतास. आणि तू कप गोळा करत राहिलीस. एकवीस वर्षं गावाचं ऐकून घेतलंस, माझंही ऐकून घेतलंस आणि एकदाही म्हणाली नाहीस की हिला मी साडेदहालाच कळवलं होतं.

त्या शनिवारी माझ्या पर्समध्ये बॉलपेन होतं, ताई. निळं, चालू, त्याच सकाळी त्याने मी बँकेत सही केली होती. तू झटकत होतीस, ओरखडे काढत होतीस आणि माझा हात पर्सवरच होता. चार शब्दांपुरतं तू ते दाबलं असतंस. मी ते काढलं नाही. वाक्य कुणीकडे चाललंय ते मला दिसत होतं. पेन वाळलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीच मला इतकी लाज वाटली की मी तुझ्यावर ओरडले. मग तू शाई भरलीस, समोर मी नाही हे पाहिलंस, आणि मला ते ऐकायचंच नव्हतं हे तुलाही कळलं. म्हणून तू पुढे लिहिलं नाहीस. असं वागायचं असतं का मोठ्या बहिणीनं? मला एकदा तोंडावर मारायचं होतंस ना ते वाक्य. मी ऐकलं असतं. रडले असते, भांडले असते, पण तुझ्या पायाशी बसून ऐकलं असतं.

आता दुपारचे तीन वाजलेत. प्रज्ञा आत झोपली आहे. मी डब्यातलं एक पेन काढून पाहिलं, ते भरलेलं निघालं. बोटभर जागा सोडून. तुझी वही मांडीवर घेतली आणि त्या फिकट ओळीच्या पुढे, 'मले म्हने का' याच्या पुढे, मी लिहिलं आहे: शीलाले येऊ दे, मंग जाऊ.

अक्षर माझं आहे. वाक्य मायचं आहे, असं मी धरून चालते. तसं नसेल, माय दुसरं काही म्हणाली असेल, तर ये आणि खोडून टाक.